डाव्या बाजूचं सील

डॉफिनमध्ये मार्च म्हणजे अजून उणे चौदा.
गराजातला हीटर स्वतःपुरताच तापतो.
लाकडी ठोकळ्यांवर पोरांची चारचाकी, नव्वद सीसी,
हँडलला लेस्यानं बांधलेली जांभळी रिबीन,
ती तेवढी स्वच्छ.

दोन महिने गेले माझे हिच्यात.
नवा पिस्टन, नव्या रिंगा, सिलिंडर विनिपेगहून घासून आणला,
पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे आहे ना,
हे अंथरुणातून उठून येऊन पाहिलं एकदा.
आणि आता किक मारली की इंजिन चढतं,
थ्रॉटल सोडला तरी उतरत नाही,
खाली ये म्हटलं की आणखी वरची फांदी धरणाऱ्या पोरासारखं.
मग एकदम गप्प.

कार्ब्युरेटर तीनदा उघडला,
जेटच्या भोकातून बल्बकडे पाहिलं: उजेड.
रीडच्या पाकळ्या नीट मिटतात.
ठिणगी निळी. कॉम्प्रेशन एकशे वीस.
शेजारचा रॉय डेजार्ले आला, प्लग हातात घेतला,
चष्मा कपाळावर ढकलून म्हणाला,
"पांढराफटक पडलाय. कुठूनतरी हवा खातंय हे."
माझी कॉफी पिऊन गेला.

कुठेतरी पाणी मुरतंय, असं म्हणतात ना,
तशी इथे हवा मुरत होती.

मार्कियन दारापाशी उभा. आत नाही, बाहेर नाही.
ऑक्टोबरात, कापलेल्या कनोलाच्या शेतात, गाडी त्याच्याखाली जॅम झाली.
"आपोआप बंद पडली," एवढंच सांगितलं त्यानं.
फळीवर दोन कॅन असतात:
एक गवत कापायच्या मशीनचा, नुसतं पेट्रोल,
दुसरा निळ्या पट्टीचा, तेल मिसळलेला.
जुन्या पिस्टनवर उभे ओरखडे होते.
ते मला वाचता येतात.
मी विचारलं नाही. तो बोलेल म्हणून थांबलो,
की ऐकायचंच नव्हतं मला, कोण जाणे.
हिवाळा असाच गेला, जेवताना मीठ सरकवत.

आज फ्लायव्हील काढलं.
सायकलच्या ट्यूबचे तुकडे कापून तोंडं बंद केली,
एक एक्झॉस्टचं, एक कार्ब्युरेटरच्या जागचं,
आणि पंपानं हवा भरली. काटा सहावर गेला.
पाच. साडेचार.
लेस्याकडे भांड्याच्या साबणाचं पाणी आणि रंगाचा ब्रश.
सहा वर्षांची आहे. सांगितलं ते सगळं रंगवलं तिनं,
हेडचा सांधा, बुडाचा सांधा,
सांगितलं नव्हतं तो माझा बूटही.
मग क्रँकच्या डाव्या टोकाशी
ती एकदम खाली बसली.
"तातो, हे बघ, हे फुगतंय."

वाटाण्याएवढा. मग द्राक्षाएवढा.
ट्यूबलाइट त्यात वाकडी झालेली. फुटला.
तिथेच दुसरा.

ते सील मीच बसवलं होतं.
मॅच सुरू व्हायची होती, हात घाईत होता,
ड्रायव्हर न शोधता सॉकेट ठेवून ठोकलं,
तिरकं गेलं, ओठ दुमडला असणार.
तेव्हा जाणवलंही होतं थोडंसं. पुढे गेलो.

"माझी चूक," मी म्हटलं,
कुणाला म्हटलं ते ठरवलं नव्हतं.

हीटर घरघरला. बाहेर कुणाचा तरी ट्रक गेला.

"निळ्या पट्टीचा कॅन रिकामा होता," मार्कियन म्हणाला.
"ऑक्टोबरात. मी दुसरा ओतला.
मला वाटलं, एकदाच तर."

"हं," मी म्हटलं. "तो चपटा स्क्रूड्रायव्हर दे."

त्यानं दिला, मुठीची बाजू माझ्याकडे करून.
आत आला होता, दार उघडंच ठेवून.

सील आठवड्यानं येईल. अठरा डॉलर.
गाडी तोवर ठोकळ्यांवरच.
जुनं उपटायला मी वाकलो, तर लेस्यानं माझा हात अडवला,
ब्रश बुडवून पुन्हा तिथंच फिरवला.
"थांब. अजून एक. मार्को, तू पंप मार."

तो मारतोय.
काटा पाचवर.