नळाची टेप

रंगांचा छापील तक्ता मागवला तर सात हजार.
तेवढ्यात आमचं अख्खं वर्ष निघतं,
कूलरच्या खसासकट.
म्हणून इतवारीतल्या हार्डवेअरवाल्याकडून
नळाला गुंडाळायची टेप आणली, वीस रुपयांची.
तिच्याइतकं निर्लेप पांढरं
मला अजून परवडलेलं नाही.
कागदात निळाई असते, चुन्यात जरा पिवळं,
धुतल्या धोतराला तर नीळच दिलेली.

तांडापेठेत, सुदामजी निमजेंच्या खोलीत
आधी ट्यूबलाइट बंद केली,
ती लालाला हिरवट करते.
माझी केशरी ओढणी बाहेर दोरीवर टाकली.
समोरच्यानं भिंत नुकतीच गुलाबी रंगवलेली,
तिचा उजेड साडीवर चढू नये म्हणून
मखरातला उरलेला थर्माकोल
खिडकीच्या खालच्या अर्ध्यात खोचला.
वरून आलं ते फक्त उत्तरेचं आभाळ.

करवतकाठी, नऊवारी, त्यांच्या वडिलांनी विणलेली.
काठाशी पुठ्ठ्यावर टेपचे चार वेढे ठेवले
आणि मोबाइलला सांगितलं,
हे पांढरं. इथून मोज.
मोजलं त्यानं.

सुदामजींनी फोन हातात घेतला.
एक डोळा मिटला, मग दुसरा.
"मेयोत ह्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, पोरी.
ह्यानं पाहिलं तं काठ जांभळ्यावानी.
त्यानं पाहिलं तं हळद लावल्यावानी.
आता यातला खरा कोनता?"

माझ्याकडे टेप होती,
उत्तर नव्हतं.

त्यांनी नखानं पदराची मुरड उसवली.
दोन बोटं रुंद लाल,
सत्तर वर्षांत ऊन न पाहिलेलं.
"हा. माझ्या बापाच्या हातावरचा हा.
आठवडाभर नखांतून जात नसे."
मी श्वास रोखून टेप जवळ सरकवली.
तेवढ्यात गच्चीवरून ऊन आत उतरलं,
मुरड त्यांनी पटकन तळव्यानं झाकली.

दोन फोटो मिळाले. नोंदीत लिहिलं:
एक, आजचा. एक, मुरडीतला.
तिसरा तळव्याचा आला चुकून,
तो पुसला नाही.

निघताना म्हणाले,
"ती टेप उरली का?
मोरीतला नळ गळून रायला."
मी बाहीवर सरसावल्या.
सात वेढे लागले.