पोळ्यांचा हात

घणसोली गावात, देवळामागच्या बोळात
कुमुद मढवीचं पोळी-भाजी केंद्र.
इथून डबे जातात महाप्याला, रबाळ्याच्या कारखान्यांत.
शटरला पुठ्ठा टांगलेला: पोळ्यांसाठी बाई पाहिजे.
मी आत गेले नाही.
उंबऱ्याशी उभी राहिले हात मागे बांधून,
कुणीतरी 'चल' म्हणेल म्हणून.
सात वर्षांत दार ढकलायची सवयच मोडते.

"आधी कुठं होतीस कामाला?"
"मोठ्या घरात."
"माणसं किती?"
"दोनशे सोळा. सणाला कुणी सुटलं तर कमी."
तिचं लाटणं थांबलं.
का, कशासाठी, ते तिनं विचारलं नाही.
विचारणाऱ्यांना मी आजवर चार गोष्टी सांगितल्यात,
खरी पाचवी.
तिनं परात पायानं माझ्याकडे सरकवली.
"बोलू नको मग. लाट."

पहिल्याच तासाला दीडशे झाल्या.
सुटका झालीय हे हाताला
कुणी कळवलंच नव्हतं.

दुपारी समोरच्या सोसायटीच्या वॉचमननं
गाडी मागे घ्यायला शिट्टी फुंकली.
मी ताडकन उठले, भिंतीशी रांगेत उभी.
रांगेत मी एकटीच.
भेंडी चिरणारी लीलाबाई पदराला हात पुसत आली,
माझ्यामागं उभी राहिली, आणि कानाशी म्हणाली,
"काय वाटतायत गं?"

पगार खात्यात हवा तर बँकेत अंगठा द्या.
मशीन म्हणतं, पुन्हा लावा. पुसून लावा.
दुसरं बोट लावा.
तव्यानं रेषा खाल्ल्या असतील.
त्या एका कागदावर मात्र
पहिल्या फटक्यात उमटला होता.

तळवलीला खोली घेतलीय. कडी आतून आहे.
दिवा मालवत नाही.
तिथं रात्रभर जळायचा, डोक्यावर,
तेव्हा शिव्या घालायचे मी त्याला.
आता बिल भरते.

मुलगा कळव्याला, नणंदेकडे. दहावीला आहे.
मला 'तुम्ही' म्हणतो.
नीट म्हणतो, शिस्तीत,
ज्या घरात वाढला त्यांनी चांगलं वळण लावलंय.
पण आईला कुणी अहो-जाहो करतं का?

रविवारी आला. बूट दाराबाहेर जोडीनं लावले.
तीन पोळ्या खाल्ल्या. चौथी मागितली नाही,
मी टाकली.
खाली बघत म्हणाला,
"मीठ जास्त झालंय."

तो गेल्यावर ते वाक्य मी
उलटून पालटून भाजत बसले.
त्यात 'तुम्ही' नव्हतं.
'तू' पण नव्हतं अजून.

सोमवारी पहाटे कुमुदताईकडे
दहा किलो पीठ परातीत,
मीठ मुठीत घेतलं,
आणि अर्धं परत बरणीत टाकलं.
"कमी का गं?" तिनं विचारलं.
"घरी सांगितलंय," म्हणाले.