पुठ्ठ्याचा कीबोर्ड

मोखोटलाँगच्या आमच्या शाळेत संगणक अकरा,
मुलं चौतीस.
निःशेष भाग जात नाही,
तरी दर सोमवारी मी फळ्यावर पाळ्या लिहितो.
रेलेबोहिलेची पाळी गुरुवारची
आणि गुरुवारीच वीज जाते.

तिनं बुटांच्या खोक्याच्या झाकणावर
कोळशानं कीबोर्ड आखला.
रात्री घोंगडीखाली, अंधारात,
बोटं पाठ केली.
दुकानदाराचा न्याकालो, घरी दोन लॅपटॉप असलेला,
म्हणाला, "यावर गेम चालतो का गं?"
"चार्जिंग संपत नाही," ती म्हणाली.

परीक्षेला वीज होती.
कागदावरची नजर न उचलता
सगळ्यांच्या आधी तिनं हात मांडीवर घेतले.
पडद्यावर एक अक्षर नव्हतं.

पुठ्ठ्याला नुसतं टेकलेलं पुरतं.
खरी कळ दाबावी लागते
हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.
कुणी म्हणजे मी.

शून्य संगणकानं दिलं,
खाली सही माझी.
मी मागे उभा राहून पाहिलं होतं,
एक बोट चुकीच्या घरात गेलं नव्हतं.

झाकण अजून माझ्या टेबलावर आहे.
कोळसा जागोजाग पुसलाय,
सगळ्यात जास्त 'ई'.
तिच्या नावात तो तीनदा येतो.