दोन फळ्या

पहाटे पाचला तळघरात उतरते आणि आधी फळ्या काढते.
रबाळ्याच्या कारखान्यात निकेल ज्या पेट्यांतून येतं
त्या पेट्यांच्याच फळ्या,
सुताराने एका टोकाला तासून दिलेल्या.
गाडीचं पोट जमिनीपासून चार बोटं वर,
आणि आमच्या सोसायटीचा चढ
कुणीतरी रागाच्या भरात बांधल्यासारखा.

फळी लाव. चाक चढव. उतर. फळी उचल.
पुढच्या गतिरोधकाला पुन्हा तेच.
वॉचमन भागोजी पहिल्या दिवशी म्हणाला,
"मॅडम, एवढ्या पैशांत अजून चार बोटं
नाही दिली का त्यांनी?"

नऊशे चाळीस घोडे, आणि मी त्यांच्यापुढे
ओणवी, गुडघ्याला पट्टा बांधून.

फाटकातून ती विजेवर निघते.
टायरखाली खडा सरकतो तेवढाच आवाज.
सेक्रेटरी दाभाड्यांची झोप मोडत नाही,
मांजरसुद्धा उशिरा उठून बाजूला होतं.
लोकांना सांगते, बत्तीस वर्षं पॉलिशिंगच्या चाकांजवळ काढली,
म्हणून शांतता विकत घेतली.
खोटं आहे ते.

करावे मागे पडतं, पाम बीच रोड मोकळा होतो,
उजवा पाय जरासा दाबते
आणि पाठीमागे, मणक्याला खेटून, इंजिन उठतं
सासरा उठावा तसं,
सगळ्या घराला कळेल असं.
साठची पाटी मला माहीत आहे.
काटा कुठे गेला ते इथे लिहिणार नाही.
एवढंच, की तीन सेकंद कुणीतरी छातीवर तळहात ठेवून मागे लोटतं
आणि तेवढ्या वेळात
पीएफचं चलान, प्रदूषण मंडळाची नोटीस, माझं एकसष्टावं वर्ष
मागच्या खांबापाशी उभं राहतं.

मग ब्रेक.
ब्रेक दाबला की ही वीज परत भरून घेते.
थांबण्याचेही पैसे मिळतात, याचं मला अजून नवल वाटतं.
नववीत माझी शाळा थांबली तेव्हा
कुणी काही परत दिलं नव्हतं.

मार्गशीर्षातला गुरुवार होता.
खाडीकाठी उतरले, रोहित पक्षी चिखलात
अंधाराचे ठिपके होऊन उभे. उजाडेपर्यंत बघत राहिले.
परतले तर दार उघडेना.
मोठी बॅटरी भरलेली,
पण तिला हाक मारणारी ती छोटी, बारा व्होल्टची,
गाडीच्या नाकात कुठेतरी गपगार मेलेली.
बारा व्होल्ट!
माझ्या टाक्यांना जेवढे लागतात तेवढेच.
त्याच्यावर मी घर चालवलं, दोन मुली शिकवल्या,
नळाच्या लाखो तोट्या चमकवल्या,
आणि आज त्याच्याचपायी रस्त्यावर.

दिवाळ्याचा जोमा नाखवा थांबला, मासळीचा टेम्पो घेऊन.
गुरुवारमुळे गिऱ्हाईक नव्हतं, त्याला वेळ होता.
लपवलेल्या किल्लीने मी नाक उघडलं,
त्याने सीटखालून वायरी ओढल्या.
लाल लालला. काळी मी लावली,
त्याने माझ्या हाताकडे बघितलं आणि काही बोलला नाही.
मग सगळे विचारतात तेच:
"ॲवरेज काय देते गो?"
सांगितलं.
"माझी अठरा देते," तो म्हणाला,
आणि टेम्पोची रेस वाढवली.

दिवे लागले. पैसे घेईना.
आत वाकून बघताना फळ्या दिसल्या त्याला.
या कशाला, म्हणाला.
सांगितल्यावर हसला, पोटापासून, खाडीपलीकडे जाईल असं.
"आमीबी होरीखाली फल्याच टाकतांव.
त्याबिगर पान्यात जाते कुठं ती?"

तीन दिवस गाडीला बर्फाच्या पाण्याचा वास होता.
भागोजीने विचारलं, मी म्हटलं, सुरमई.
बॅटरीच्या टोकाला एक खवलं चिकटलंय,
क्रोमपेक्षा बरं चमकतं.
धंद्यातली बाई आहे मी, मला कळतं.