अक्षरी दर

शेफील्डला, अरुंडेल स्ट्रीटमागच्या बोळात
स्टॅनिफोर्थचं दुकान. चषक, तबकं, ढाली,
आणि खिडकीपाशी मी, कोरणी धरून.
अक्षराला दहा पेन्स, त्यातले चार माझे.
जिंकणाऱ्याचं नाव लांब असू दे,
एवढंच मी देवाकडे मागायची.

थिएटरवाल्यांचा संघ दर जानेवारीत
एक पुतळी पाठवायचा,
वीतभर उंच, चांदीचं पाणी दिलेली.
वर्षभरात जिच्या नावावर
सगळ्यांत जास्त तिकिटं फाटली, तिच्यासाठी.
परीक्षक नाहीत. कुणाची आवडनिवड नाही.
हल, बार्न्सली, डॉन्कास्टर,
कुठकुठल्या खिडक्यांतला गल्ला
आणि खाली दुहेरी रेघ.
बेरजेला डोळे नसतात, स्टॅनिफोर्थ म्हणायचा,
म्हणून तर तिच्यावर भरवसा.

सलग तीन वर्षं एकच नाव आलं.
ऊना रे.
इंग्रजीत सहा अक्षरं. साठ पेन्स.
मी मनात म्हणायची, उणा रे,
उणाच की हा सौदा.
सिनेमे काही पाहिले नाहीत तिचे.
चेहरा पाहिला बसच्या पाठीवर,
हनुवटीपर्यंत चिखल उडालेला.
चौथ्या वर्षी दुसरीच कुणी आली,
चौदा अक्षरांची.
त्या शनिवारी मी मटण आणलं.

नाशकात माझे वडील भांड्यांवर नावं घालायचे.
ठिपक्याला ठिपका लावत,
चि. सौ. कां. अमकी हिस, मामांकडून सप्रेम.
गिऱ्हाईक अक्षरं मोजू लागलं की म्हणायचे,
काना-मात्रा फुकट हो,
वेलांटीचं काय घ्यायचं माणसाकडून?
इथल्या लिपीला कानाच नाही.
सगळी अक्षरं सुटी,
आपापलं भाडं भरून उभी.

मग एका मंगळवारी ती आली.
बारा-तेरा वर्षं गेली असतील मध्ये.
चाकांच्या पिशवीत तीन पुतळ्या,
भांडी पुसायच्या फडक्यांत गुंडाळलेल्या.
गहाण? स्टॅनिफोर्थनं नुसत्या भुवईनं विचारलं.
नाव घालायचंय, ती म्हणाली.
खाली, बुडाला, फेल्ट चिकटवतात तिथं.
एकीवरच. कुठलीही घ्या.

कागदावर लिहून आणलं होतं,
हेप्झिबा हॅटर्स्ली.
एजंटनं कापलं, म्हणाली. पोस्टरवर मावत नव्हतं.
आणि शेवटचा एच गाळू नका हं.
ऐकू येत नाही, पण आहे.
आमच्या रॉदरममध्ये तर
पहिलाही कुणी उच्चारत नाही.

स्टॅनिफोर्थनं आतून हाक मारली, इंडी, चहा.
तिनं विचारलं, इंडी म्हणजे?
इंदुमती, मी म्हटलं.
तिनं म्हणून पाहिलं. 'दु'पाशी अडखळली.
पुन्हा म्हणाली.
तिसऱ्या खेपेला आलं, थोडं वाकडं,
पण सगळंच्या सगळं.

फेल्ट सोलून काढलं.
खालचा पत्रा अजून नवा, हात न लागलेला.
दिवसभर पुरवून पुरवून कोरलं.
परत चिकटवू? मी विचारलं.
घट्ट, ती म्हणाली.

अक्षरं अठरा.
तीन वर्षांची तिची मिळूनही अठराच,
हे मला नंतर, जिना उतरताना सुचलं.
पावतीवर मी सतरा लिहिली होती.

दुकान बंद करताना स्टॅनिफोर्थनं
तो कागद दिव्याखाली धरला,
बोट ठेवत ठेवत मोजला. दोनदा.
दहा पेन्स कमी आहेत, इंडी.

मी कोरणी पुसून खणात ठेवली.
म्हटलं, काना होता.