अंगठा

चिंचोळीच्या एमआयडीसीत आमच्या गेटवर पाटी आहे:
वाळवी लागणार नाही. पंचवीस वर्षांची हमी.
हमी लाकडाची.

मी स्टोअरकीपर.
माझ्या रजिस्टरात एक रकाना: हातमोजे, जोड एक, मिळाले.
यादगिरी चिप्पा आधी तिथे तेलुगूत सही करायचा,
ऑडिटवाल्याला वाचता येईना,
म्हणून मग अंगठा.
अंगठा उठवायचा आणि मोकळ्या हाताने
टाकीकडे चालू लागायचा.

टाकीचं दार उघडलं की खांब यायचे
हिरवट, निथळत,
शेवाळल्या आडातून ओढून काढल्यासारखे.
तो त्यांना कवेत घ्यायचा.
जपून, मी म्हणायचो, खुर्चीतून.
“मागावर असताना चादरीच्या रंगात
कोपरापर्यंत बुडायचो ओ साहेब.
रंग काय, आंघोळीत निघतो.”

हा निघाला नाही.

आधी नाकातून रक्त. ऊन लागलं, म्हणालो आम्ही.
सोलापुरात उन्हावर काहीही ढकलता येतं.
मग तळव्यांवर दाणे, ज्वारीएवढे, टणक.
बालामणीने विड्यांची कात्री बाजूला ठेवून
ते सुईने कोरून पाहिले म्हणे.

शनिवारी तो तुकडे न्यायचा कॅरिअरला बांधून,
बंबात घालायला. फुकटचं सरपण.
गेटपास मीच फाडायचो.
एकदा सहज बोलून गेला,
जाळ हिरवा निघतो साहेब,
पोरं गंमत बघत बसतात जवळ.

त्यानंतर मी गेटपास दिला नाही.
का, ते त्याने विचारलं.
मी म्हणालो, वरून ऑर्डर आहे.

परवा हजेरीचं नवं मशीन बसलं.
यादगिरीने अंगठा ठेवला. लाल दिवा.
पँटला पुसून ठेवला. थुंकी लावून ठेवला.
डाव्या हाताचा ठेवला.
आतली बाई गोड आवाजात म्हणत राहिली,
कृपया पुन्हा प्रयत्न करा.
रांग खोळंबली. कुणीतरी हसलं.
त्या दिवशी आठ तास खांब उचलून
तो गैरहजर लागला.

रात्री मी रजिस्टर घरी आणलं.
पहिल्या पानावरचा अंगठा:
आडवं कापल्यावर ओंडक्यात दिसतात तशी वलयं,
मोजता यावीत इतकी स्पष्ट.
दिवाळीनंतरच्या पानांवर ती तुटत गेलेली,
पुढच्या वर्षी दोन-तीनच,
मग नुसता शाईचा डाग.

अठ्ठेचाळीस महिने. जोड एक, मिळाले.
प्रत्येक डागाशेजारी माझी सही,
सुवाच्य.