तिसरा हिस्सा

खाटकाच्या तळहाताला आज मेण लावलं.
ब्रश मऊ, मेण कोमट,
आणि फळीखाली सगळा चौक
दिवे लागायच्या आधीच निळा पडत चाललेला.

दोनशे वर्षं हा हात असाच वर आहे.
बोटांच्या बेचक्यात हिरवा गंज, कबुतरांची घाण
आणि एक काडी.
कुण्या पाखरानं घरटं मांडायला घेतलं असेल,
मग विचार बदलला असेल.

शिल्पकारानं दोघांना ग्रीकांचे कपडे घातले.
मॉस्कोच्या थंडीत उघड्या पोटऱ्या!
झाखार म्हणतो, म्हणूनच सरदार बसलाय, गारठून.
मी म्हणते, जखमी आहे तो,
आणि खाटीक त्याला तलवार देऊन सांगतोय,
ऊठ, घरात परके शिरलेत.

पूर्वी हे दोघं चौकाच्या मधोमध होते.
संचलनाच्या आड यायला लागले,
तेव्हा कडेला सरकवले.
आता ते बोट नेमकं कुणाकडे, यावर
आम्ही सिगारेटींची पैज लावतो.

लुकेर्या आजी सांगायची,
बाजारात पिंपावर चढून तो ओरडला होता:
आणा, ज्याच्या घरात जे असेल त्याचा तिसरा हिस्सा.
बायकांनी कानातलं काढलं.
एकीची अंगठी निघेना,
तिनं म्हणे दातांनी ओढली.
आजी हे सांगताना स्वतःचं बोट चोखायची.

माझा रोदियोन. तेवीस पुरे.
मार्चपासून एका गावात आहे, नाव सांगत नाही.
परवा फोनवर एवढंच बोलला,
ज्या घरात झोपतो तिथं दाराच्या चौकटीवर
पेन्सिलीनं मुलांची उंची लिहिलीय.
नाव वाचता येतं, आई,
फक्त एक अक्षर आपलं नाही.
मग म्हणाला, शेवटची रेघ माझ्या कमरेशी येते.

मी फोन कानाला लावून उभी.
कढईत कांदा करपला.

चौथऱ्यावर लिहिलंय, नागरिकाला आणि सरदाराला,
कृतज्ञ रशिया.
काल दिवसभर दातांच्या ब्रशनं ती अक्षरं घासली.
घासताना अर्थ लागत नाही,
नुसते कोपरे लागतात.

ज्याला एकच मूल आहे
त्यानं तिसरा हिस्सा कुठून कापायचा?
खाटकाला ठाऊक असेल.
त्याला सांधे ठाऊक असतात.

रात्री उणे नऊ सांगितलंय,
त्याआधी मेण बसायला हवं.
थेंब सरदाराच्या डोक्यावर पडू नये म्हणून
त्या हाताखाली मी माझा हात धरून उभी आहे.
खालून झाखारची हाक येते, कापितोलिना, चहा!

येते, म्हणते.
आणि उगाच नखानं टकटक करून बघते.
पोकळ आहे.
आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं,
ओतीव पितळ पोकळच असतं.